शेमला वर खोचलेला माणूस

रविवार, रात्र

आज डोळा तिसऱ्यांदा खरवडून काढला.

यान व्हान आयक या चित्रकाराच्या लाल मुंडाशातल्या माणसाची नक्कल सुरू करून आज सहावा आठवडा. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, १४३३ सालचं. आकार जेमतेम २६ बाय १९ सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागदाहूनही लहान. मीही तेवढाच बोर्ड घेतलाय. मोठा घेतला असता तर सोपं गेलं असतं, पण मग त्याचा हात किती बारीक चालला असेल ते कळलंच नसतं.

डोळ्याचं पांढरं म्हणजे पांढरा रंग, असंच मी आजवर धरून चालले होते. म्हणून माझा डोळा दोन्ही वेळा उकडलेल्या अंड्यासारखा दिसला. आज कॉम्प्युटरवर चित्र मोठं करून तासभर नुसती बघत बसले. त्या पांढऱ्यात थोडा लाल आहे, थोडा निळा आहे. कडेला केसाएवढ्या बारीक लाल शिरा आहेत, जागरण झाल्यासारख्या. शुद्ध पांढरा फक्त चकाकीच्या ठिपक्यांपुरता. तिसऱ्यांदा मी ते ठिपके घाईने आधीच ठेवून दिले आणि ओल्या रंगात ते विरघळले. ते सगळ्यात शेवटी द्यायचे असतात. उद्या थर सुकू दे.

चेहऱ्याची मात्र आता भीती वाटत नाही. गालावरचे दाढीचे खुंट, डोळ्याच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या, त्याने काहीच लपवलेलं नाही. मला हा माणूस त्यासाठीच आवडतो. तो चित्रकार स्वतःच असावा असं अनेक अभ्यासक मानतात. नजर थेट समोर आहे, आरशात बघितल्यासारखी. चौकटीवर खाली तारीख आहे, २१ ऑक्टोबर. वर कोरल्यासारखी वाटणारी पण रंगवलेली अक्षरं आहेत, ग्रीक वळणाची: ‘मला जमेल तसं’. मूळ शब्दांत त्याच्या आडनावावर श्लेषही आहे म्हणतात.

अडले होते ते मुंडाशापाशी. घडी दिसेल तशी उतरवत होते, पण कापड डोक्यावर बसतच नव्हतं. दुपारी बाबा मागे येऊन उभे राहिले. गावाकडे लग्नाकार्यात निम्म्या वऱ्हाडाला फेटे तेच बांधायचे.

“हा फेटा नव्हे,” ते म्हणाले. “टोपडं आहे काहीतरी. आणि शेमला बघ, खाली सोडलेला नाही. वर गुंडाळून खोचलाय. कामात असणार माणूस.”

बाबांनी या चित्राबद्दल एक ओळ वाचलेली नाही. पण तिथली ती त्या काळची शापरॉन नावाची टोपीच आहे, आणि एरवी खाली लोंबणारी तिची टोकं वर बांधलेली आहेत. रंगात कापड बुडू नये म्हणून चित्रकार असंच करेल.

मग त्यांनी माझी जुनी लाल सुती ओढणी माझ्याच डोक्याला गुंडाळली. कुठला पदर कुठून निघतो, कुठे दबतो, ते हाताला कळलं. संध्याकाळी आधीचं सगळं पुसून पुन्हा रेखाटलं. पांढऱ्या अस्तरावर पातळ लाल, तो सुकला की वर क्रिम्सनचा, म्हणजे गडद लाल रंगाचा, पारदर्शक थर द्यायचा, सावलीत दोनदा.

बाबांना विचारलंय, उद्या तुम्ही ओढणी बांधून खिडकीशी बसाल का. डावीकडून उजेड येतो तिथे. सकाळी आठला येतो म्हणालेत, चहा झाल्यावर.