घरपट्टी नेमकी अडते कुठे?

मार्च उजाडला की ग्रामपंचायतीत घाई सुरू होते. रिक्षावर भोंगा लागतो, थकबाकीदारांची यादी फलकावर चिकटते, पंचायत समितीतून रोज संध्याकाळी टक्केवारी विचारली जाते. वसुली कमी भरली की ठरलेलं कारण पुढे येतं: लोक भरत नाहीत. काही लोक खरंच भरत नाहीत. पण मार्चमध्ये अडलेल्या वसुलीचा मोठा भाग त्याआधी कित्येक वर्षं नमुना ८ मध्येच, म्हणजे कर आकारणीच्या वहीतच, अडून बसलेला असतो. मागणीच चुकीची असेल तर ती वसूल कशी करणार?

कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ ने ग्रामपंचायतीला कर बसवायचा अधिकार दिला, कलम १२९ ने तो वसूल करायचा. आकारणीची रीत १९६० च्या कर व फी नियमांत आहे. डिसेंबर २०१५ मध्ये या नियमांत मोठी दुरुस्ती झाली. नुसत्या चौरस फुटांवर आकारणी करायची जुनी पद्धत गेली आणि भांडवली मूल्यावर कर आला. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी आणि नळ असेल तर विशेष पाणीपट्टी, असं सगळं साधारणपणे एकाच बिलावर येतं.

भांडवली मूल्य काढायला अवघड नाही. जागेचं क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा वार्षिक मूल्यदर. त्यात इमारतीचं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (घर जुनं होत जाईल तसा १ वरून खाली येणारा गुणक) मिळवायचा. आलेल्या बेरजेला वापराच्या भारांकाने गुणायचं. राहत्या घराला भारांक १, दुकान किंवा कारखान्याला त्याहून जास्त. या रकमेवर दर हजारी जो दर ग्रामपंचायतीने ठरवला असेल तो लावायचा. मातीच्या घराला दर कमी आणि आरसीसीला जास्त असतो, आणि नियमांनी घालून दिलेल्या किमान-कमाल मर्यादेतच तो ठरवावा लागतो.

आकडे घालून पाहू. समजा जागा १०० चौरस मीटर, जमिनीचा दर ५०० रुपये. झाले ५०,०००. त्यावर ६० चौरस मीटरचं पक्कं घर, बांधकामाचा दर १५,०००, घसारा ०.८०. झाले ७,२०,०००. एकूण भांडवली मूल्य ७,७०,०००. दर हजारी १ रुपया २० पैसे धरला तर घरपट्टी ९२४ रुपये. आता याच घराचं बांधकाम-वर्ष नोंदवायचं राहिलं आणि घसारा १ धरला गेला, तर मूल्य ९,५०,००० होतं आणि घरपट्टी १,१४०. एक रकाना कोरा राहिला म्हणून वर्षाला २१६ रुपयांचा फरक, आणि आकारणी चार वर्षांसाठी असते. मालक म्हणतो, शेजारच्या तसल्याच घराला कमी आणि मलाच जास्त का? त्याचं बरोबर असतं. तो भरायचा थांबतो, आणि यादीत त्याच्या नावापुढे थकबाकीदार लागतं.

याहून मोठी चूक एककाची. मोजणी फुटी टेपने होते आणि दर असतो चौरस मीटरला. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. फुटांचा आकडा तसाच मीटरच्या रकान्यात गेला की मागणी दहापटीच्या वर जाते. इतकी ढोबळ चूक सहसा पकडली जाते, पण खोलीपुरती, पडवीपुरती किंवा वरच्या मजल्यापुरती झालेली तीच चूक आरामात सुटते. म्हणून नोंद करताना प्रत्येक मोजमाप दोन्ही एककांत लिहावं. वेळ थोडा जास्त लागतो, पण पुढची चार वर्षं वाद होत नाही.

नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही. तिच्या एका ओळीत मिळकत क्रमांक, मालक, भोगवटादार (प्रत्यक्ष राहणारा), बांधकामाचा प्रकार, मोजमाप, वापर आणि कर असतो. मालक आणि भोगवटादार हे दोन वेगळे रकाने आहेत, आणि बहुतेक भांडणं याच दोन रकान्यांतून निघतात. वडील वारले, घर तीन भावांत वाटलं गेलं, चुली तीन झाल्या, पण नोंद एकच आणि तीही वडिलांच्या नावाची. बिल मयताच्या नावाने निघतं. तिघंही म्हणतात, माझ्या नावाने आलेलं नाही. कागदावर तिघांचंही खरं असतं. वारस नोंद किंवा वाटणीची नोंद वेळच्या वेळी मासिक सभेत घेऊन तीन ओळी केल्या असत्या, तर तीन बिलं गेली असती आणि निदान दोन भरली गेली असती.

उलटा प्रकारही असतो. जुनं घर पाडून नवं बांधलं, नव्याची नोंद झाली, जुन्याची तशीच राहिली. एकाच जागेवर दोन मिळकती उभ्या राहतात आणि जुनीची थकबाकी दरवर्षी वाढत जाते. ती थकबाकी कुणीच भरणार नाही, कारण ते घरच नाही.

नमुना ८ चा उतारा मालकीचा पुरावा नाही, हेही लोकांना स्पष्ट सांगायला हवं. ती नोंद करापुरती असते. नाव लागलं म्हणजे जागा आपली झाली, हा समज गावोगावी पक्का आहे. त्यामुळे नाव लावायचा अर्ज आला की भाऊबंद हरकत घेतात, ग्रामपंचायत घाबरून नोंद अडकवून ठेवते आणि कर बुडतो. खरं तर प्रत्यक्ष राहणाऱ्याचं नाव भोगवटादार म्हणून लावून कर घेता येतो. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात चालू द्यावा.

नमुना ८ वरून नमुना ९ तयार होतो, म्हणजे कर मागणी नोंदवही. ती दरवर्षी नव्याने लिहायची असते. प्रत्येक नावापुढे प्रत्येक कराची मागील थकबाकी, चालू मागणी आणि एकूण. वर्ष बदलताना थकबाकी ओढून आणणं हे यातलं सगळ्यात नाजूक काम. जुन्या वहीतल्या शिल्लक रकमांची पानवार बेरीज आणि नव्या वहीतली मागील थकबाकीची बेरीज रुपयाला रुपया जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर कुणाच्या तरी नावावर न भरलेला कर चढलेला असतो किंवा भरलेला उतरायचा राहिलेला असतो. हातात जुनी पावती घेऊन येऊन तावातावाने बोलणारा माणूस बहुतेकदा याच चुकीचा बळी असतो. त्याला आधी बसवून घ्या आणि पावती क्रमांकावरून नमुना १० चं पुस्तक काढा.

नमुना १० ही कराची पावती. तिच्यावर प्रत्येक कराची रक्कम वेगळी पडली पाहिजे, थकबाकी वेगळी आणि चालू वेगळी. माणूस २,००० रुपये देतो, त्यातले किती घरपट्टीचे, किती पाणीपट्टीचे आणि किती मागचे हे पावती फाडतानाच ठरवायचं. नंतर बघू म्हणून एकरकमी आकडा टाकला की नमुना ९ मध्ये तो कुठे उतरवायचा हे कुणालाच कळत नाही. पाणीपुरवठ्याचा पैसा घरपट्टीत जातो आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. जमा झालेली रोख त्याच दिवशी रोकड वहीत आणि विनाविलंब बँकेत. वसुलीच्या रोखीतून परस्पर पाण्याची मोटार दुरुस्त करायची सवय अनेक ठिकाणी दिसते. हेतू चांगला असला तरी तो खर्च कागदावर कधीच नीट बसत नाही.

टक्केवारीचं एक उदाहरण. चालू मागणी ६ लाख, थकबाकी ४ लाख, एकूण १० लाख. वसूल झाले साडेपाच लाख, म्हणजे ५५ टक्के. त्या थकबाकीतले १ लाख दुबार नोंदींचे आणि पडलेल्या घरांचे असतील, तर खरी मागणी ९ लाख आणि वसुली ६१ टक्के. एकही रुपया जास्त न आणता सहा टक्के वाढले. मात्र ही रकम खोडरबराने काढायची नाही. जागेवर पंचनामा, मासिक सभेचा ठराव आणि पंचायत समितीमार्फत मंजुरी, या वाटेनेच ती कमी होते. वाट लांब आहे म्हणून कुणी धरत नाही, आणि खोटी थकबाकी वर्षानुवर्षं पुढे ओढली जाते.

आता बिल. ते नमुना ९क मध्ये निघतं आणि एप्रिल-मेमध्येच घरोघरी पोचायला हवं. ३० सप्टेंबरपर्यंत भरणाऱ्याला घरपट्टीत ५ टक्के सूट आहे आणि वर्ष उलटलं की थकलेल्या रकमेवर ५ टक्के दंड. बिलच डिसेंबरात दिलं तर सूट कुणाला मिळणार? लोकांना सूट आहे हेच ठाऊक नसतं, याचं कारण बिल उशिरा येतं.

बिल दिल्याची सही आणि तारीख घेणं हे शिपायाच्या हातातलं साधं काम वाटतं, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बिलाची मुदत संपली की मागणीचा लेख, म्हणजे रीतसर नोटीस, बजावायचा, त्यानंतर ३० दिवसांत रक्कम आली नाही तर जंगम मालमत्तेची जप्ती आणि विक्री, तेही जमलं नाही तर तहसीलदारांकडे यादी पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीची बजावणी सिद्ध झाल्यावरच टिकते. सदस्याच्या अपात्रतेचंही तसंच. कलम १४ प्रमाणे रीतसर बिल बजावल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. अशा प्रकरणात पहिला प्रश्न येतो तो बिल कधी आणि कुणाच्या हातात दिलं हा. सही नसेल तर तक्रार तिथेच ढिली पडते.

जप्तीपर्यंत फार थोड्या ग्रामपंचायती जातात, आणि मला त्यात गैर वाटत नाही. त्याआधीचा चांगला उपाय म्हणजे लोकअदालत. दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल होण्याआधीचं, प्रकरण म्हणून थकबाकीदारांच्या नोटिसा तिथे लावता येतात आणि बरेच जण तारखेआधीच येऊन भरतात. दाखले अडवून वसुली करायची पद्धत मात्र सोडून द्यावी. जन्म-मृत्यूचा दाखला हा हक्क आहे आणि लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू आहे. अडवलेल्या दाखल्याचा राग पुढच्या बिलावर निघतो.

एवढा आटापिटा कशाला, वित्त आयोगाचा पैसा येतोच की, असंही ऐकू येतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. पाणी सोडणारा, झाडू मारणारा, दिवे बघणारा, यांच्या पगारातला ग्रामपंचायतीचा वाटा स्वतःच्या उत्पन्नातूनच जातो आणि तोही उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या मर्यादेत. शिवाय स्वउत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. घरपट्टी आटली की सगळ्यात आधी या तीन खर्चांना कात्री लागते, कारण त्यांच्यासाठी भांडायला मासिक सभेत फारसं कुणी नसतं.

कर भरणाऱ्याने काय करावं? बिल हातात आल्यावर रक्कम बघण्याआधी नमुना ८ चा उतारा मागा. मोजमाप, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष आणि वापर, एवढे चार रकाने स्वतःच्या घराशी ताडून पहा. भाड्याने दिलेली एक खोली दुकान असेल तर व्यापारी भारांक त्या खोलीलाच लागायला हवा, पूर्ण घराला नाही. नवी आकारणी चालू असेल तर कच्ची यादी लागल्यावर नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेली हरकत कुठेच नोंद होत नाही. तिथे समाधान झालं नाही तर अपील पंचायत समितीकडे आणि तिच्या निर्णयावर पुढचं अपील जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे करता येतं. माजी सैनिकांना राज्याच्या २०२० च्या योजनेतून एका मिळकतीवर घरपट्टी माफ आहे, पण अर्ज करावा लागतो.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या ग्रामसेवकांना, एकच सुचवतो. पावसाळ्यात वसुली थंड असते तेव्हा एका वॉर्डाचा नमुना ८ घेऊन शिपायासोबत घराघरांतून चाला. पडलेलं घर, वाढवलेला मजला, बदललेला मालक, नवं दुकान, प्रत्येकाला पेन्सिलने खूण करा आणि पुढच्या मासिक सभेपुढे त्या वॉर्डाची दुरुस्ती यादी ठेवा. सात वॉर्ड असतील तर दर महिन्याला दोन धरून ऑक्टोबरपर्यंत वही धड होते, आणि पुढच्या एप्रिलचं बिल बरोबर नावाने निघतं.