तुम्ही विचारलंत म्हणून: जर्मनीत अमेरिकन फुटबॉल कसा काय?

पुण्याला घरी आलो की कोणीतरी विचारतंच, आणि आता तिकडे शिकायला निघालेली मुलंमुली पण फोन करून तेच विचारतात, की जर्मन लोक फार थंड असतात म्हणे, मग तू कसा रुळलास, आणि हा अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हेल्मेट घालून बॉल हातात धरून पळायचा तो खेळ, मधेच कुठून आला? तर सांगतो.

कॉलेजला मी कबड्डी खेळायचो, लेफ्ट कॉर्नर. इंजिनिअरिंग झालं, मास्टर्सला स्टुटगार्टजवळ गेलो आणि पहिले पाच महिने लेक्चर, मेन्सा म्हणजे युनिव्हर्सिटीची खानावळ, आणि रूम एवढंच. रविवारी सगळं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आई फोनवर विचारायची आज कोणाशी बोललास का, आणि मी खोटं सांगायचो. लॅबमधला एक मुलगा त्याच्या गावच्या टीममध्ये खेळायचा, तो म्हणाला आमच्याकडे डिफेन्सला माणसं कमी आहेत, मंगळवारी ये. गेलो.

त्या भागात हा खेळ काही नवा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्य तिथे राहिलं ते राहिलंच, त्यांच्या युरोप कमांडचं मुख्यालय आजही स्टुटगार्टच्या फाइहिंगेन भागात आहे. सैनिकांचं बघून जर्मन मुलं खेळायला लागली, 1977 ला फ्रँकफर्टमध्ये पहिला क्लब निघाला, 1979 ला लीग सुरू झाली. श्वेबिश हाल नावाचं साधारण 40 हजार वस्तीचं गाव आहे, तिथल्या युनिकॉर्न्स नावाच्या टीमने पाच वेळा देशाचं विजेतेपद घेतलंय! 2022 ला म्युनिकमध्ये एनएफएलची, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगची, मॅच झाली तेव्हा स्टेडियममध्ये जवळपास 70 हजार लोक होते. वरच्या लीगमध्ये अमेरिकेतून कॉलेज संपवून आलेली मुलं खेळतात, त्यांना क्लब राहायला जागा आणि थोडे पैसे देतो. आमची लीग बरीच खालची, तिथे वर्गणी आपणच भरायची.

कबड्डीचा उपयोग मात्र पहिल्याच दिवशी झाला. आमचे सर सांगायचे, चढाईला आलेल्याच्या डोळ्यांकडे बघू नको, कमरेकडे बघ, डोळे फसवतात कंबर नाही फसवत. तिथला कोच हातवारे करून हेच सांगत होता आणि मला ते भाषांतर न करता कळलं. गुडघ्यात वाकून उभं राहणं, डॅश मारणं, शेजारच्याबरोबर साखळी धरून सरकणं हे अंगात होतंच. फक्त डोकं वर ठेवून खांद्याने धरायचं आणि ज्याच्या हातात बॉल आहे त्याच्याशिवाय कोणाला पकडायचं नाही, हे अंगवळणी पडायला दोन महिने गेले. प्लेची, म्हणजे ठरवलेल्या चालींची, नावं सगळी इंग्लिश, ओरडणं सगळं स्वाबियन म्हणजे त्या भागातल्या बोलीच्या जर्मनमध्ये, जे आम्हाला ए1-ए2 या सुरुवातीच्या भाषावर्गांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

आणि कौतुक अजिबात नाही. व्हिडिओ लावून सगळ्यांसमोर कोच म्हणायचा, इथे तू चुकलास, इथे पण चुकलास, पुढे चला. मला रात्री झोप यायची नाही. मग टीममधल्या एकाने त्यांची म्हणच सांगितली, नेट गशिम्फ्ट इश गनुग ग्लोप्ट, म्हणजे रागावलो नाही ना, मग झालं की कौतुक. तोच कोच ट्रेनिंग संपल्यावर न विचारता माझी सायकल त्याच्या गाडीत टाकून मला स्टेशनला सोडायचा, वाटेत एक शब्द न बोलता.

पण मी रुळलो ते खेळामुळे नाही, हे मला नीट सांगायचंय. क्लबहाउसच्या दाराशी एक कागद लावलेला असायचा, हेल्फरलिस्टे, म्हणजे मदतीला कोण त्याची यादी. रविवारी ज्युनिअर मुलांची मॅच, तर ग्रिलवर कोण, केक कोण आणणार, मैदानावर चुन्याच्या रेषा कोण मारणार, चेन कोण धरणार. एका मंगळवारी बघतो तर चेनच्या पुढे माझं नाव. मला कोणी विचारलं नव्हतं. खरं सांगतो, राग आला, म्हटलं मी इथे नवीन, भाषा येत नाही, आणि डायरेक्ट कामाला लावतात?

तर ती चेन म्हणजे दोन काठ्या आणि मध्ये बरोबर दहा यार्डांची साखळी, टीम तेवढी पुढे गेली की नाही ते मोजायला. रविवारी पावसात तीन तास मी एक काठी धरून साइडलाइनवर पळत होतो, दुसरी काठी क्लबच्या खजिनदार बाईंकडे होती, साठीच्या असतील, रेनकोट घालून माझ्या पुढे पळत होत्या. रेफरीने हात केला की दोघांनी साखळी ताणून आत जायचं, सगळं मैदान त्या साखळीकडे बघत असतं. हाफटाइमला त्यांनी मला कॉफी आणून दिली आणि माझं पूर्ण नाव कसं म्हणायचं ते चार वेळा म्हणून घेतलं.

तेव्हा लख्ख कळलं. आपल्याकडे पाहुण्याला कोणी काम सांगत नाही, तू बस रे, म्हणतात. आणि घरच्याला विचारत पण नाहीत, जा जरा दूध घेऊन ये. त्या कागदावर माझं नाव न विचारता लिहिलं, म्हणजे मी पाहुणा राहिलो नव्हतो. पुढच्या वेळी मी केकच्या रकान्यात स्वतःच नाव घातलं आणि नारळाच्या वड्या नेल्या, ओलं खोबरं मिळालं नाही म्हणून सुक्या किसाच्या, तरी अर्ध्या तासात संपल्या. वाढदिवसाला तिकडे ज्याचा वाढदिवस तोच आणतो, तेव्हाही वड्याच नेल्या, सोबत बिअरचा एक क्रेट. दुसऱ्या दिवशी रिकाम्या बाटल्या परत करायला खजिनदार बाई सोबत आल्या.

तिकडे निघाला असाल तर एवढं करा. सीझन उन्हाळ्यात असतो आणि बरेच क्लब नवीन लोकांना ऑक्टोबरच्या सुमारास घेतात, म्हणजे तुमचं सेमिस्टर सुरू होतं तेव्हाच. प्रोबेट्रेनिंगला, म्हणजे आधी खेळून बघायला, यायचंय असा मेल टाका, हेल्मेट आणि पॅड सुरुवातीला बहुतेक क्लबच देतात, शूज तुमचे न्या. सातचं ट्रेनिंग म्हणजे सातला मैदानावर तयार, त्यामुळे साडेसहाला पोचा, पोचल्यावर प्रत्येकाशी हात मिळवा, आणि दाराशी कागद दिसला तर तो वाचा.