बारा थेन, एक शपथ: जुन्या इंग्रजी कायद्यांचं वाचन, महिना नववा

मंडळी, या महिन्यात पानं कमी झाली, आणि गेल्या खेपेला ज्युरीच्या उगमाबद्दल लिहिलेली एक गोष्ट मागे घ्यावी लागतेय. ती पुढे येईलच. आधी वाचनाचा हिशेब.

केंटचा राजा एथेलबर्ट याची संहिता संपली. साधारण इ.स. ६०० ची, जुन्या इंग्रजीतली सगळ्यांत जुनी. तिची एकच जुनी प्रत उरली आहे, तीही रॉचेस्टरला ११२० च्या दशकात, म्हणजे पाचशे वर्षांनी उतरवलेली. अठराव्या शतकात ते हस्तलिखित पाण्यात पडलं होतं, तरी अक्षर सुरेख टिकलंय. थॉर्न आणि विन या दोन अक्षरांत माझा नेहमी गोंधळ व्हायचा; आता डोळा बसला.

या संहितेतला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे बोटांची भरपाई. अंगठा तोडला तर २० शिलिंग, तर्जनीचे ९, मधल्या बोटाचे ४, अनामिकेचे ६, करंगळीचे ११. तर्जनीला तिथे 'बाण सोडायचं बोट' म्हटलंय, अनामिकेला 'सोन्याचं बोट'. बेरीज करून पाहा: ५०. डोळ्याची भरपाई तेवढीच, पायाचीही तेवढीच. माझ्याकडच्या एका जुन्या भाषांतरात तर्जनीचे ८ धरलेत, त्यामुळे बेरीज ४९ येते आणि सगळं बांधकाम हलतं. मी ९ च धरतोय. पाच बोटं मिळून पन्नास हा योगायोग नसावा. ही बेरीज कुणीतरी तोंडपाठ ठेवली असणार. स्वतंत्र माणूस मारला तर १०० शिलिंग. पुढे या रकमेला वेरगिल्ड म्हणतात. त्यातला 'वेर' म्हणजे पुरुष, आपल्या 'वीर' शब्दाचा चुलतभाऊ. हे कळलं त्या दिवशी पुढचं काही वाचलंच नाही.

आता चूक. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि डेनिश राजा गुथ्रम यांच्या तहात एक कलम आहे: राजाच्या थेनवर, म्हणजे राजाच्या पदरच्या सरदारावर, खुनाचा आळ आला, तर त्याने बारा थेनांना सोबत घेऊन शपथेने स्वतःला निर्दोष ठरवावं. आकडा बारा, माणसं शपथेवर. म्हणून मी गेल्या महिन्यात लिहिलं की ज्युरीचं बीज इथे आहे. ते चुकीचं आहे. हे बारा जण आरोपीच्या बाजूचे. घटनेबद्दल ते काहीच सांगत नाहीत. 'याची शपथ खरी आहे' एवढंच म्हणतात. स्वतःची पत पणाला लावून दुसऱ्याचा शब्द तोलून धरणारे ते जामीनदार. निवाडा करणं हे त्यांचं काम नाही.

ज्युरीच्या जवळ जाणारे बारा जण दुसरीकडे सापडतात, ९९७ च्या सुमाराच्या, दुसऱ्या एथेलरेडच्या वॉन्टेजच्या कायद्यात. हा कायदा लिंकन, नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर आणि स्टॅमफर्ड या पाच डेनिश वळणाच्या नगरांच्या मुलखासाठी होता. प्रत्येक वेपनटेकमधले, म्हणजे तिथल्या परगण्यातले, बारा ज्येष्ठ थेन आणि राजाचा कारभारी यांनी बाहेर यावं, हाती दिलेल्या पवित्र अवशेषांवर शपथ घ्यावी: निरपराधावर आळ घेणार नाही, अपराध्याला लपवणार नाही. पुढे आणखी एक कलम आहे: थेनांत मतभेद झाला तर आठ जणांचं म्हणणं चालावं, आणि मागे पडलेल्यांनी दंड भरावा. हे वाक्य मी वहीत तीनदा उतरवून काढलं. बहुमताची मोजदाद, दहाव्या शतकात!

पण हे थेनही आरोपच करतात. खरं-खोटं ठरवायचं ते दिव्य करून. तापलेलं लोखंड हातात घेऊन नऊ पावलं चालायचं, हात बांधून ठेवायचा, तिसऱ्या दिवशी जखम पाहायची. मराठेशाहीतल्या दिव्यांबद्दल वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही, पण आपल्याला नेमका शब्द आयता मिळाला.

मग ११६६, दुसऱ्या हेन्रीचं क्लॅरेंडनचं फर्मान: प्रत्येक हंड्रेडमधले (हाही वेपनटेकसारखा परगणाच) बारा आणि प्रत्येक गावचे चार विश्वासू लोक शपथेवर चोर-दरोडेखोरांची नावं सांगतील आणि त्या संशयितांचं जलदिव्य होईल. वॉन्टेजपासून इथवर सरळ रेघ ओढता येते का, यावर जुना वाद आहे. ब्रुनर या जर्मन अभ्यासकाने १८७० च्या सुमारास ज्युरीचं मूळ फ्रँक राजांच्या शपथेवरच्या चौकशांत दाखवलं, ज्या १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांनी सोबत आणल्या. नेओमी हर्नार्ड यांनी १९४१ मध्ये आरोप करणारी ज्युरी नॉर्मनांच्या आधीचीच असल्याचं मांडलं. माझा कल हर्नार्ड यांच्याकडे आहे, कारण दोन्ही ठिकाणी काम तेच: शेजाऱ्यांनी नाव घ्यायचं. मधल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा दुवा मात्र फार विरळ आहे.

क्लॅरेंडनमधलं एक कलम मला अजून सोडत नाही. दिव्यातून सुटलेला माणूसही फार बदनाम असेल, तर त्याने राज्य सोडून जावं. म्हणजे देवाने निर्दोष ठरवला, तरी शेजाऱ्यांचा शब्द उरलाच. १२१५ मध्ये चर्चच्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना दिव्यात भाग घ्यायची मनाई केली, तेव्हा या शब्दालाच सगळा भार पेलावा लागला. १२१९ चं राजाचं पत्र न्यायाधीशांना तुरुंग, हद्दपारी आणि जामीन सांगतं. ज्युरी हा शब्द त्यात नाही. न्यायाधीशांनीच हळूहळू त्या बारांना दुसरा प्रश्न विचारायला सुरुवात केली: आरोप तुम्ही केलात, आता सांगा, केलं का यानेच?

पुढच्या महिन्यात वेसेक्सचा राजा इने याची संहिता. सात जणांपर्यंत चोर, सात ते पस्तीस टोळी, त्यावर फौज, असं त्यात मोजून दिलंय. वॉन्टेजच्या कलमांचं माझं भाषांतर तपासून द्यायला कुणी तयार असेल तर सांगा. आठ जणांच्या कलमातला 'थेन' नेमका कोण, यावर मी अडलोय.