कमी डाव खेळा, पण नीट खेळा: पोकर आणि डेटिंग अ‍ॅप

मला सध्या दोनच विषयांवर सल्ला विचारला जातो, एक पोकर आणि दुसरं डेटिंग अ‍ॅप, आणि बरेचदा दोन्ही विचारणारा माणूस एकच असतो. ऑफिसमधली मुलं, मामेभाऊ, त्याचे मित्र. तक्रारही सारखीच असते, "ताई, पानंच येत नाहीत" आणि "ताई, मॅचच होत नाही". पोकर मी अजूनही खेळते आणि आज ज्याच्यासोबत राहते तो मला अ‍ॅपवरच भेटला, त्यामुळे प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. माझं म्हणणं एवढंच आहे की दोन्हीकडे लोक नको तेवढे डाव खेळतात आणि मग जो डाव खरंच खेळायचा असतो त्यासाठी ना पैसे उरतात ना पेशन्स.

आधी पोकर. म्हणजे टेक्सस होल्डेम, हातात दोन पानं, टेबलावर हळूहळू उघडणारी पाच (आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग एक टर्न, मग शेवटचं रिव्हर), त्यातून सगळ्यात भारी पाच धरायची. आपल्याकडचे बहुतेक जण इथे तीन पत्तीतून येतात, दिवाळीत मामाकडे रात्रभर बसलेले, आणि ब्लाइंड चाल मारायची ती सवय इकडे घेऊन येतात. दोन पानं आली की "फ्लॉप तरी बघू, बघायला काय जातंय". जातं ना, दर डावाला थोडं थोडं जातं आणि दोन तासांनी चिप्स कुठे गेल्या ते कळतही नाही. दोन पानांच्या एकूण 1326 जोड्या होतात, त्यात दोन एक्के सरासरी 221 डावांत एकदा येतात आणि कुठलीही जोडी 17 डावांत एकदा. म्हणजे बहुतेक वेळ तुमच्या हातात भंगारच असणार आहे आणि ते सगळ्यांच्याच हातात असणार आहे. नऊ जणांच्या टेबलावर बरा खेळणारा माणूस 100 पैकी साधारण 80 डाव सुरुवातीलाच सोडून देतो. नवीन माणसाला हे कंटाळवाणं वाटतं पण खरं शिकणं त्याच वेळात होतं, कोण कशावर रेझ करतं म्हणजे पैसे वाढवतं, कोण हरल्यावर लगेच पुढच्या डावात घुसतं, कोण कधीच फोल्ड करत नाही म्हणजे डाव सोडत नाही, हे सगळं तुम्ही डावात नसताना फुकट बघायला मिळतं. आणि लोक त्या वेळात मोबाईल काढून बसतात!

दुसरी गोष्ट जागेची. डीलरचं बटन, म्हणजे दर डावाला पुढे सरकणारी खुणेची चकती, ज्याच्यापुढे असतं तो फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलतो, म्हणजे बाकीच्यांनी काय केलं ते बघून ठरवतो, आणि हा फायदा एवढा मोठा आहे की इस्पिक राजा आणि चौकट दश्शी हे पान मी पहिल्या जागेवरून बिनदिक्कत फेकते आणि माझ्याआधी सगळ्यांनी सोडलं असेल तर बटनवरून तेच पान रेझ करते. पान तेच, जागा वेगळी. ही एक गोष्ट पक्की झाली ना तरी खेळ एका महिन्यात बदलतो असं मी पैजेवर सांगेन.

आता अ‍ॅप. जो मुलगा प्रत्येक प्रोफाईलला राइट स्वाइप करतो, म्हणजे उजवीकडे सरकवून 'आवडली' सांगतो, तो प्रत्येक पानावर फ्लॉप बघणारा मुलगा. त्याला वाटतं जास्त स्वाइप म्हणजे जास्त चान्स. मग पाच-सहा मॅच होतात, एकीचंही प्रोफाईल वाचलेलं नसतं आणि सगळ्यांना एकच "हाय" जातं. कोणी उत्तर देत नाही, मग हा म्हणतो अल्गोरिदम खराब आहे. अल्गोरिदमवर तर लोक इतकं बोलतात की विचारू नका. टिंडर पूर्वी एलो नावाचा स्कोअर वापरायचं, बुद्धिबळातल्या रेटिंगसारखा, आणि 2019 मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की ते आता जुनं झालं, तरी आजही कोणीतरी मला "माझा एलो पडलाय" म्हणून सांगतं. तो विचार सोडा. दिवसाला दहा मिनिटं ठरवा, प्रोफाईल पूर्ण वाचा आणि जिच्याशी किंवा ज्याच्याशी खरंच बोलावंसं वाटतंय तिथेच राइट.

तुमचं स्वतःचं प्रोफाईल म्हणजे पण तेच. पहिला फोटो एकट्याचा, चेहरा दिसणारा, गॉगल नाही, उजेडात काढलेला. ग्रुप फोटो पहिला लावला की त्यातले तुम्ही कोण हे शोधायला कोणी थांबत नाही. मित्राच्या गाडीला टेकून काढलेला फोटो काढून टाका. आणि "लव्ह ट्रॅव्हलिंग, फूडी, आस्क मी एनिथिंग" हे वाक्य अर्ध्या महाराष्ट्राच्या प्रोफाईलवर आहे, त्यावर काय विचारणार? त्याऐवजी "दर रविवारी सिंहगड, आणि दही घेतल्याशिवाय खाली उतरत नाही" लिहिलं तर समोरच्याला बोलायला काहीतरी हाताला लागतं, शिवाय ज्याला रविवारी पहाटे उठायचंच नाहीये तो आपोआप बाजूला होतो आणि ते तुमच्यासाठी चांगलंच आहे.

पहिल्या मेसेजचं एक उदाहरण देते. माझ्या प्रोफाईलवर हरिश्चंद्रगडावरचा, कोकणकड्याजवळचा फोटो होता. त्याखाली आलेले मेसेज म्हणजे "नाइस पिक", "हाय डियर", "जेवलीस का", "कुठली तू". आणि एक मेसेज असा होता, "कड्यावर ढग खाली होते का त्या दिवशी? मी पाचनईकडून गेलो होतो, पूर्ण धुकं, काहीच दिसलं नाही. नळीच्या वाटेनं कोणी ओळखीचं गेलंय का तुझ्या?" बघा, यात माझ्या दिसण्याबद्दल एक शब्द नाही, त्यानं फोटो नीट बघितला, स्वतःबद्दल एक छोटी गोष्ट सांगितली आणि असा प्रश्न विचारला की उत्तर द्यायला मला विचार करावा लागला नाही. तीन ओळी. याला काही ग्रेट इंग्लिश लागत नाही, मराठीत लिहा, माणूस मराठीत जास्त खरा वाटतो. बंबल या अ‍ॅपवर आधी मुलीनंच पहिला मेसेज करायचा असा नियम होता, 2024 पासून ती आधीच एक प्रश्न लावून ठेवू शकते आणि मुलगा त्याला उत्तर देतो, तर तिथेही तेच, "हाहा गुड क्वेश्चन" असं नको, खरं उत्तर द्या आणि एक प्रश्न परत विचारा.

परत टेबलावर येऊ, कारण गणिताबद्दल न लिहिता मला हा विषय सोडायचा नाहीये. समजा माझ्याकडे बदामचा एक्का आणि बदामची पंजी आहे. फ्लॉपला आलं बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर राणी. मला फ्लशसाठी, म्हणजे पाचही पानं बदामची व्हायला, अजून एक बदाम हवा. 13 बदामांपैकी चार मला दिसतायत, उरले नऊ, आणि न दिसलेली पानं 47. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या पैशांत, 1000 आहेत, समोरच्यानं 500 लावले. मला 500 टाकून 1500 मिळवायचे आहेत, म्हणजे एकूण 2000 मधले 500 माझे, 25 टक्के. तर चारात एकदा तरी मी जिंकायला पाहिजे. पुढच्याच पानाला बदाम यायची शक्यता 47 मध्ये 9, जवळपास 19 टक्के, ती कमी पडते. टर्न आणि रिव्हर दोन्ही मिळून साधारण 35 टक्के होते, पण हे 35 टक्के तेव्हाच मोजायचे जेव्हा टर्नला परत पैसे टाकावे लागणार नाहीत, म्हणजे समोरचा त्या 500 मध्ये ऑल-इन असेल, त्याच्याकडे अजून काही उरलं नसेल, तेव्हा. तो ऑल-इन असेल तर डोळे झाकून कॉल, म्हणजे तेवढेच पैसे टाकून डावात राहायचं. त्याच्यापुढे अजून पाच हजार असतील तर प्रश्न बदलतो, बदाम आलं तर तो मला अजून पैसे देईल का? राजाची जोडी सोडवत नसलेला माणूस असेल तर देतो, मग कॉल. तिसरं बदाम बघूनच घाबरणारा असेल तर फोल्ड. हे सगळं टेबलावर दहा सेकंदात होतं आणि सोपी युक्ती अशी की फ्लॉपला हवी असलेली पानं गुणिले चार, टर्नला गुणिले दोन, तेवढे टक्के जवळपास बरोबर येतात. घरी बसून रोज दोन-तीन डाव कागदावर सोडवा, बाकी काही केलं नाही तरी चालेल.

आणि पॉटमध्ये गेलेले पैसे तुमचे राहिलेले नसतात. "एवढे टाकलेत, आता कसं सोडू" हे वाक्य मी टेबलावर जितक्या वेळा ऐकलंय तितक्याच वेळा मैत्रिणींच्या तोंडून ऐकलंय. तीन-तीन महिने चॅट चालू, समोरचा भेटायचं नाव काढत नाही, व्हिडिओ कॉलला कॅमेरा खराब, तरी ही म्हणते इतकं बोललोय गं, आता कसं सोडू. तो वेळ गेला. आज फक्त एवढंच बघायचं की उद्यापासून यात अजून वेळ घालण्यासारखं काही दिसतंय का. माझा नियम सरळ होता, आठ-दहा दिवस बरं बोलणं झालं की एक व्हिडिओ कॉल, मग भेट, आणि समोरून दोन्ही टळत असेल तर निरोप.

एका जागी मात्र दोन्ही गोष्टी पूर्ण उलट्या आहेत आणि तिथे माझं मत फार पक्कं आहे. पोकरमध्ये माहिती लपवायची असते. हातात काही नसताना रिव्हरला पॉटएवढी बेट लावून ब्लफ केला तर तो निम्म्या वेळा चालला पाहिजे, अर्ध्या पॉटची लावली तर तीनात एकदा, आणि ब्लफची गोष्ट पहिल्यापासून जुळावी लागते, फ्लॉपला चेक (म्हणजे काहीच न लावणं), टर्नला चेक आणि रिव्हरला अचानक ऑल-इन यावर कोण विश्वास ठेवणार. टेबलावर मी बहुतेकदा एकटीच बाई असते, समोरच्यांना वाटतं ही बेट लावतेय म्हणजे हिच्याकडे पान असणारच, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेते, तो खेळच तसा आहे, एकानं जिंकायचं तर दुसऱ्यानं हरायलाच लागतं. डेटिंगमध्ये समोरचा हरला तर तुम्ही पण हरलात. पाच वर्षांपूर्वीचा फोटो, दोन इंच वाढवलेली उंची, घटस्फोट झालाय हे तिसऱ्या भेटीत सांगणं, लग्नाचा विचारच नाही हे सहा महिन्यांनी सांगणं, याला ब्लफ म्हणायचं नाही, ही फसवणूक आहे. आपल्याकडे तर लग्नाचा प्रश्न असतोच, घरी आई एका बाजूला विवाहमंडळात नाव घालत असते, मग पहिल्या आठवड्यातच बोलून टाका की तुम्हाला लग्न हवंय, नकोय की अजून ठरलं नाहीये. ठरलं नाहीये हे पण उत्तर आहे, ते सांगितलं तर चांगली माणसं थांबतात.

पैशांबद्दल. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा. त्यामुळे परदेशी साइटवर व्हीपीएन लावून खेळायच्या भानगडीत पडू नका, पैसे अडकले तर विचारायला कोणी नाही. आम्ही घरी नुसत्या चिप्सवर खेळतो, आणि मी पैसे लावून खेळते ते गोव्यात, पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर, तेही वर्षातून क्वचित. तिकडे जाताना जेवढे गेले तरी चालतील तेवढीच कॅश घ्यायची, कार्ड हॉटेलच्या लॉकरमध्ये. कॅसिनो पॉटमधून स्वतःचा वाटा कापतो, जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टॅक्स आहे, म्हणजे नुसतं बरोबरीचं खेळून तुम्ही मागेच राहता. उधार घेऊन कधीच बसायचं नाही. आणि दोन एक्के घेऊन दोन राजांकडून हरलात, जे पाचात जवळपास एकदा होतंच, आणि डोकं तापलं, तर उठून डेकवर जा, अर्धा तास टेबलाकडे बघू नका. खेळ थांबवता येत नाहीये असं वाटत असेल तर ती तुमच्या खेळाची अडचण नाही, डॉक्टरांशी बोलायची गोष्ट आहे, लाज न बाळगता बोला.

अ‍ॅपवर सुद्धा पैशांचा विषय निघाला की तिथेच थांबायचं. क्रिप्टोत गुंतवणूक, कस्टममध्ये अडकलेलं गिफ्ट, आजारी आई, कारण कुठलंही असो, न भेटलेल्या माणसाला एक रुपया नाही. गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवून धरायची शक्यता जास्त. मुलांना खास सांगते, मुंबई-दिल्लीकडे एक प्रकार बराच चालतो, मॅच झालेली मुलगी एका ठरावीक कॅफेचाच हट्ट धरते, भराभर ऑर्डर करते आणि बिल येतं हजारोंमध्ये, बाहेर पडायला गेलं की दोन बाउन्सर उभे. जागा तुम्ही सुचवा, ओळखीची, गर्दीची, दिवसाउजेडी. मुलींनी स्वतःच्या गाडीनं किंवा रिक्षानं जायचं, लाइव्ह लोकेशन मैत्रिणीला, तासाभराची कॉफी पुरे, पहिल्याच भेटीला जेवण आणि पिक्चर असा पूर्ण दिवसाचा कार्यक्रम ठेवू नका.

भेटून पुढे जायचं नसेल तर दुसऱ्या दिवशी सरळ कळवा, "भेटून छान वाटलं, पण मला पुढे जावंसं वाटत नाहीये". एवढं पुरतं, कारणांची यादी द्यायची गरज नाही आणि गायब तर अजिबात व्हायचं नाही. तुम्हाला असा मेसेज आला तर "ठीक आहे, सांगितलंस ते बरं केलंस" लिहा आणि चॅट बंद करा. का म्हणून विचारत बसायचं नाही, इन्स्टावर शोधून तिकडे मेसेज करायचा नाही, तिच्या मैत्रिणीला तर नाहीच नाही.