गोळी सुटेपर्यंत

परवा दुपारी बँकेत पासबुक छापायच्या मशीनपुढे आम्ही तिघं उभे होतो. नंबर कुणाचा, हे तिघांनाही ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची तयारी नव्हती. नुसती नजरानजर. तेवढ्यात एका काकांच्या खिशात फोन वाजला. तीच ती कोल्हेकुई, 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची! काकांनी घाईघाईने फोन बंद केला. संगीतकार मॉरिकोनेची धून अशी अर्ध्यावर तोडू नये, मग मॅनेजर केबिनमधून बघेना का.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो आजोबांच्या शेजारी, सतरंजीवर बसून. भाड्याने आणलेला व्हीसीआर रात्रभरात वसूल करायचा, हा तेव्हाचा शिरस्ता. हिंदी सिनेमे संपले, आई-आत्या आडव्या झाल्या आणि पहाटे पहाटे ही कॅसेट लागली. आजोबांना इंग्रजीचा गंध नव्हता. पण सुरुवातीची दहा मिनिटं कुणी बोलतच नाही. वारा, बूट, आडवं जाणारं एक कुत्रं. पुढे संवाद सुरू झाले तसे आजोबा खट्टू झाले. "बरं चाललं होतं की रे," म्हणाले.

दिग्दर्शक सेर्जिओ लिओनेलाही इंग्रजी येत नव्हतं, हे मी पुढे कधीतरी वाचलं. १९६६ चा हा इटालियन सिनेमा. त्यातली अमेरिका म्हणजे बरीचशी स्पेनमधली आल्मेरियाची रखरख. सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलायचा, आवाज मागाहून स्टुडिओत भरायचे. म्हणजे एकमेकांचं न कळणारी माणसंच पडद्यावर होती. आजोबा त्यांच्यात सहज खपले असते.

शेवटी कबरस्तानात तिघं समोरासमोर येतात. कोण कुणावर गोळी झाडणार? मिनिटांमागून मिनिटं जातात, संगीत चढत जातं, आणि कॅमेरा डोळे, कमरेचं पिस्तूल, बोटं एवढंच दाखवत राहतो. मी श्वास रोखून बसलेलो, आणि आजोबा म्हणाले, "त्याचं मधलं बोट बघ. टोक नाहीये. सुतारकाम केलेलं दिसतंय." त्यांची सगळी हयात लाकडाच्या वखारीत गेलेली, अशी बोटं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. मी चिडलो. असल्या वेळी बोलणाऱ्या माणसाचा मला अजूनही राग येतो, मग ते आजोबा का असेनात.

ते बोट त्या तिघांपैकी ली व्हॅन क्लीफ या नटाचं. मुलीसाठी खेळायचं घर बांधताना त्याचं टोक गेलं होतं.

ते कबरस्तान स्पॅनिश सैनिकांनी सिनेमासाठी उभं केलं होतं. बुर्गोसजवळ, पाचेक हजार कबरी, सगळ्या रिकाम्या. २०१५ पासून चाहत्यांनी कुदळ-फावडी घेऊन ते पुन्हा उकरून काढलं, आणि पैसे भरून तिथल्या क्रुसांवर लोकांनी आपापली नावं लावली. आजोबांचं नाव द्यावं असं एकदा मनात आलं होतं. मग म्हटलं, नको. त्यांचं सगळं नाशिकला रीतसर झालंय.