ड्राइव्हवेवरचा लाल थेंब

गेल्या मे महिन्यात माझे सासू-सासरे पुण्याहून आमच्याकडे सहा महिन्यांसाठी राहायला आले. आम्ही अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या वायव्येला असलेल्या नोव्हाय या गावात राहतो. सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. एस.टी.च्या दापोडी येथील मध्यवर्ती कार्यशाळेत त्यांची उभी हयात गेली आणि निवृत्तीनंतरही उभ्या गाडीजवळून जाताना वाकून खाली पाहण्याची त्यांची सवय सुटलेली नाही. इथे आल्यावर चौथ्याच दिवशी सकाळी फिरायला निघालेले अण्णा दारातून परत आले आणि म्हणाले, “सूनबाई, तुझ्या गाडीखाली थेंब पडलाय. पाणी नाही, तेल आहे.”

माझी एसयूव्ही तेव्हा सव्वादोन वर्षांची होती आणि जेमतेम २३,००० मैल, म्हणजे सुमारे ३७,००० किलोमीटर चालली होती. नवी कोरी घेतलेली, सगळ्या सर्व्हिसिंगच्या तारखा पाळलेली गाडी तेल गाळेल हे मला पटेना. एअर कंडिशनरचे पाणी असेल असे मी म्हणाले. अण्णांनी उत्तर न देता तो थेंब तर्जनीवर घेतला, अंगठ्याने चोळला आणि त्याचा वास घेतला. रंग डाळिंबाच्या रसासारखा लाल होता आणि बोटे विलग केली तरी तार धरत नव्हता. “हे इंजिनचं तेल नाही, आणि गिअर ऑइलही नाही. ते काकवीसारखं घट्ट असतं, त्याला उग्र वास असतो. हे पॉवर स्टिअरिंगचं दिसतंय,” असे त्यांनी निदान केले.

त्यांचे निदान त्यांच्या अनुभवाला धरूनच होते. पूर्वीच्या अनेक गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचेच तेल वापरत असत आणि गळती कुठून होते हे ओळखता यावे म्हणून त्या तेलात लाल रंग मिसळलेला असतो. परंतु माझ्या गाडीचे स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालते. त्यात तेलच नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, म्हणजे कूलंटचा थेंब चिकट, गोडसर वासाचा असतो आणि तसा वास इथे नव्हता. मग लाल, पातळ तेल येणार कुठून? उरला तो एकच डबा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ज्याला इथले लोक ट्रान्समिशन म्हणतात.

हा थेंब त्या दिवशी पहिल्यांदाच पडला असेल असे मला वाटत नाही. माझी गाडी बाहेर ड्राइव्हवेवर उभी असते आणि इथे नोव्हेंबर ते एप्रिल ड्राइव्हवेवर काय सांडले हे कुणालाच कळत नाही. गाडीच्या पोटाला चिकटून आलेला बर्फ, चिखल आणि रस्त्यावरचे मीठ यांचा काळपट राडा रात्रभर ठिबकत राहतो. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे १,२०० फुटांवर मिठाची मोठी खाण आहे आणि हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ वापरतात, हे मी इथे आल्यावरच पहिल्यांदा ऐकले. शिवाय मिशिगनमध्ये खासगी गाडीची ठरावीक काळाने तपासणी करून घेण्याची सक्ती नाही. आपण वाकून पाहिले नाही, तर दुसरे कुणी पाहत नाही.

अण्णांनी त्या दिवशी जे केले, ते कुणालाही करता येण्यासारखे आहे म्हणून सविस्तर लिहिते. गराजमध्ये टीव्हीचे मोठे खोके पडले होते. ते त्यांनी उलगडून सपाट केले, पांढरी बाजू वर करून गाडीच्या पुढच्या भागाखाली सरकवले, वाऱ्याने उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर बागेतले दगड ठेवले आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा पेनने आखून घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठ्यावर सात थेंब होते. प्रत्येकाभोवती त्यांनी वर्तुळ काढून तारीख घातली. आठवडाभर हाच क्रम चालला. कधी पाच, कधी नऊ. मी महामार्गावरून लांब जाऊन आले त्या रात्री चौदा. नवे थेंब लाल होते आणि जुने तपकिरी होऊन पुठ्ठ्यात पसरले होते. सगळे थेंब एका ओळीत, गाडीच्या रुंदीला समांतर पडत होते. या ओळीचा अर्थ मला नंतर समजला. आजकालच्या गाड्यांच्या पोटाखाली प्लॅस्टिकचा मोठा पत्रा बसवलेला असतो. वरून पडलेले तेल त्याच्यावर साचते, गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि त्याच्या कडेवरून खाली येते. त्यामुळे थेंब जिथे पडतो, त्याच्या बरोबर वर गळती असेलच असे नाही.

साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. रोजचे सात-आठ थेंब धरले, तर वर्षाला दीडशे मिलिलिटरही होत नाहीत, आणि अशा गिअरबॉक्समध्ये आठ-नऊ लिटर तेल असते. हा हिशेब मीच अण्णांना करून दाखवला होता, चिंतेचे कारण नाही हे सांगण्यासाठी. त्यांनी तो एका वाक्यात मोडला: “गाडी उभी असताना गळतंय ते तू मोजलंस, चालताना गळतंय ते रस्त्यावर पडतंय.” गिअरबॉक्समधले तेल पंपाच्या दाबाने फिरते, चालत्या गाडीत ते ऐंशी-नव्वद अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तापले की अधिकच पातळ होते. ज्या फटीतून थंड तेल थेंबाथेंबाने झिरपते, त्याच फटीतून गरम आणि दाबाखालचे तेल किती जात असेल, हे पुठ्ठा सांगू शकत नाही.

मग आत तेल किती उरले आहे ते पाहावे म्हटले, तर गाडीला त्यासाठी डिपस्टिक, म्हणजे तेलात बुडवून पातळी पाहायची पट्टीच नाही. इंजिनच्या तेलाची आहे, गिअरबॉक्सची नाही. पातळी पाहायची तर गाडी लिफ्टवर सपाट उचलावी लागते, इंजिन सुरू ठेवून तेलाचे तापमान कंपनीने ठरवून दिलेल्या अंशांवर आणावे लागते आणि मगच पातळीचा बोल्ट उघडून तेल बारीक धारेने येते की नाही ते पाहावे लागते. तेल तापले की फुगते, म्हणून चुकीच्या तापमानाला घेतलेले माप चुकीचे असते. हे घरी होणारे काम नव्हे. या बंद गिअरबॉक्समधले तेल ‘आयुष्यभराचे’ आहे असे विक्रेते सांगतात. परंतु गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमधले तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान बदलावे असे सांगते. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स त्यांचा नाही, तरीही ‘आयुष्यभर’ हा शब्द मी तेव्हापासून गांभीर्याने घेत नाही.

तेल कमी झाल्याची लक्षणे गाडी चालवताना जाणवतात, पण उशिरा. पार्कमधून ड्राइव्हमध्ये टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून मग निघते, ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, गिअर बदलताना हिसका बसतो, जळका वास येतो. ही लक्षणे दिसू लागली म्हणजे आतल्या क्लचच्या चकत्या घासायला सुरुवात झालेली असते. माझ्या गाडीत यातले काहीही नव्हते, आणि म्हणूनच तिला तेव्हाच दाखवणे आवश्यक होते. थेंबांऐवजी धार लागली असेल, तर गाडी चालवत नेण्याचा विचारही करू नये. तापलेल्या सायलेन्सरवर हे तेल पडले तर पेट घेऊ शकते.

डीलरच्या सर्व्हिस सेंटरमधली पहिली भेट वीस मिनिटांत संपली. सर्व्हिस अॅडव्हायझर अतिशय नम्र होता. त्याने गाडी आत नेली, परत आणली आणि सांगितले की ही गळती नाही, हा पाझर आहे. सीलपाशी थोडा ओलावा असणे सामान्य आहे. आम्ही पुसून दिले आहे, लक्ष ठेवा. मला हायसे वाटले, मी आभार मानले आणि घरी आले. अण्णांचा पहिला प्रश्न होता, “जॉब कार्ड कुठं आहे?” जॉब कार्ड नव्हते. त्या भेटीची कुठेही नोंद झाली नव्हती.

वॉरंटीच्या पुस्तिकेकडे मी त्या रात्री पहिल्यांदा नीट पाहिले. इथे बहुतेक गाड्यांना दोन प्रकारची वॉरंटी असते. संपूर्ण गाडीची सर्वसाधारण वॉरंटी साधारणपणे तीन वर्षे किंवा ३६,००० मैल, यांपैकी जे आधी होईल ते; आणि इंजिन, गिअरबॉक्स अशा मुख्य यंत्रणेची पाच वर्षे किंवा ६०,००० मैल. काही कंपन्या याहून अधिक देतात. गिअरबॉक्सशी संबंधित काहीही बिघडले तर पाच वर्षांची वॉरंटी आहेच, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात गिअरबॉक्सचे कवच, आतले भाग आणि सील त्यात येत होते. पण तेल थंड करायला नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या नळ्या, त्यांचे सांधे, बाहेरचे होज यांचा त्या यादीत उल्लेख नव्हता. ते तीन वर्षांच्याच वॉरंटीत येत होते. माझ्याकडे नऊ महिने उरले होते. संथ गळतीचा खरा धोका मला तेव्हा कळला: ‘लक्ष ठेवा’ म्हणता म्हणता मुदत निघून जाते, आणि तक्रार मुदतीत केली होती हे दाखवायला हातात कागद नसतो.

दुसऱ्या भेटीला मी पुठ्ठा बरोबर नेला. तारखा घातलेली ती वर्तुळे काउंटरवर ठेवल्यावर बोलण्याचा सूरच बदलला. इंजिन ऑइल कुठे बदलता असा प्रश्न मात्र आला आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये बदलते असे सांगताच अॅडव्हायझरने ‘मग वॉरंटीचे पाहावे लागेल’ असे म्हटले. याचे उत्तर मी तयार ठेवले होते. अमेरिकेत १९७५ सालचा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे; ग्राहकाने नेहमीची सर्व्हिसिंग बाहेर करून घेतली एवढ्याच कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. माझ्याकडे प्रत्येक वेळची पावती होती. मी ती फाईल पुढे केली आणि विनंती केली की माझी तक्रार माझ्याच शब्दांत जॉब कार्डवर लिहावी, मैलांच्या आकड्यासह, आणि काहीही सापडले नाही तरी तसे लिहूनच कागद द्यावा. या वेळी ते झाले.

त्यांनी खालचा प्लॅस्टिकचा पत्रा काढून सगळे धुतले, गिअरबॉक्सच्या तेलात अतिनील प्रकाशात चमकणारा रंग घातला आणि तीनशे मैल चालवून आणायला सांगितले. त्याच शनिवार-रविवारी आम्ही सासू-सासऱ्यांना लेक मिशिगनच्या काठावरची वाळूची टेकाडे पाहायला घेऊन गेलो. जाऊन-येऊन मैल भरले.

गाडी लिफ्टवर असताना ग्राहकाला आत जाऊ देत नाहीत, पण तंत्रज्ञाने व्हिडिओ पाठवला. आम्ही दोघांनी तो बाहेरच्या खुर्च्यांवर बसून पाहिला. अंधारात निळसर दिव्याचा झोत गिअरबॉक्सच्या कवचावरून फिरत होता. तेलाचा खालचा पॅन कोरडा, दोन्ही ॲक्सलची सीले कोरडी. मग झोत पुढे रेडिएटरच्या बाजूला सरकला आणि ॲल्युमिनियमची नळी रबरी होजमध्ये जिथे दाबून बसवली होती, त्या धातूच्या कड्याखालून पोपटी उजेडाची केसाएवढी रेघ उजळली. ती नळीवरून खाली उतरून एका क्लिपपाशी थांबली होती आणि तिथे टपोरा थेंब लटकत होता. अण्णांनी व्हिडिओ तिथे थांबवला. “बघ, रबर आणि धातू सारखे आकसत नाहीत. तुमच्या इथे हिवाळ्यात उणे वीस, आणि आत तेल नव्वद अंश. सांधा सैल व्हायला एवढं पुरतं,” ते म्हणाले. आमच्या पुठ्ठ्यावरचे थेंब त्या जागेपासून दीड हात मागे पडत होते.

नळी आणि होज यांचा सबंध जोड बदलण्यात आला, सांध्यांना नवी सीले घातली, कंपनीने ठरवलेलेच तेल भरून योग्य तापमानाला पातळी तपासली. एकूण पाऊण लिटर तेल कमी निघाले. वर्षाला दीडशे मिलिलिटरचा माझा हिशेब किती अपुरा होता, ते तो आकडा पाहिल्यावर वेगळे सांगावे लागले नाही. सर्वसाधारण वॉरंटीत काम बसल्याने मला पैसे द्यावे लागले नाहीत. दरम्यान एका परिचितांनी गळती थांबवणारे बाटलीतले औषध टाकायला सुचवले होते. ती औषधे रबर फुगवून सील घट्ट करतात. दाबून बसवलेला धातूचा सांधा सैल झाला असेल तर त्यांचा उपयोग नाही, आणि वॉरंटीत असलेल्या गिअरबॉक्समध्ये परके द्रव्य घातले की वादाला निमित्त मिळते. मी ते घातले नाही याचे मला समाधान आहे.

ड्राइव्हवेवरचे डाग राहिले होते. पुण्यात अशा तेलावर लाकडाचा भुसा नाहीतर माती टाकतात. इथे मांजरांच्या पेटीत घालायची मातीची खडी टाकतात, ती तेल शोषून घेते. ती रात्रभर ठेवून झाडून पिशवीत भरली. पाण्याच्या नळीने धुवायचा मोह टाळला, कारण आमच्या रस्त्यावरच्या जाळीतून जाणारे पाणी कुठल्याही प्रक्रियेशिवाय ओढ्यात आणि तिथून रूज नदीत जाते. याच नदीवर, डेट्रॉइटजवळ, ऑक्टोबर १९६९ मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या तेलाने पेट घेतला होता.

आता पुण्यातही माझे भाऊ-भाचे ऑटोमॅटिक गाड्या घेत आहेत, त्यांच्याही पोटाखाली तोच प्लॅस्टिकचा पत्रा आहे आणि अनेकांच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. म्हणून हे लिहिले. दुरुस्तीनंतर अण्णांनी नवा पुठ्ठा घातला आणि परत जाईपर्यंत, म्हणजे चार महिने, दर सोमवारी तो बाहेर ओढून पाहिला. पाचशे मैलांनंतर मी गाडी पुन्हा दाखवून सांधा कोरडा असल्याचे लिहून घेतले. गाडीच्या फाईलमध्ये आता दोन जॉब कार्डे, तंत्रज्ञाचा अहवाल आणि घडी घातलेला पहिला पुठ्ठा आहे. पहिल्या भेटीचा कागद मात्र तिथे नाही.