एक 'एन' राहिला

ऑगस्ट २०१९. सांगलीतलं पुराचं पाणी ओसरल्यावर काकांकडे गेलो. काका लग्नाचे फोटो काढतात, स्टुडिओ घरातच, तळमजल्यावर. टेबलाखालचा एनएएस, म्हणजे सगळे फोटो साठवायचा हार्ड डिस्कांचा डबा, काकूंनी अंगणात उन्हात मांडला होता, पापडासारखा. उपडा केला तर आतून गाळ ओघळला.

"टेपा हायत की," काका म्हणाले.

होत्या, फोटोंच्या बॅकअपच्या. मिरजेत मेहुण्यांच्या माडीवर, कडीच्या डब्यात. तो उद्योग मीच करून दिला होता, माझ्या दुकानातल्या सेकंडहँड एलटीओ-५ ड्राइव्हवर. हा कॉम्प्युटरचा डेटा चुंबकी टेपेवर लिहितो आणि वाचतो. एका टेपेत दीड टीबी मावतो. नवा ड्राइव्ह घरगुती माणसाच्या आवाक्यातला नाही, जुना घेतला तरच हिशेब जमतो.

भरलेली टेप पूर्ण वाचायला तीन तास लागतात. पहिल्या दोन सुरळीत उतरल्या. उतरवून घेणारी डिस्क मागे पडली की ड्राइव्ह थांबायचा, थोडा मागे जायचा, पुन्हा सुरू व्हायचा. दर वेळी काका स्टुलावरून उठायचे.

तिसरीवर काकांच्या अक्षरात 'सीझन २०१५ + २०१६'. आधी २०१५ निघायला हवा होता, निघाला २०१६. टेप पुढे सरकवायची कमांड दिली. डेटा संपला, असं उत्तर.

टेपेवर लिहिताना कमांडमध्ये ड्राइव्हचं नाव मी 'एनएसटी-झिरो'च्या जागी 'एसटी-झिरो' टाइप केलं होतं. त्या एका 'एन'नं टेप आहे तिथेच थांबते. तो नसला की काम संपताच गुंडाळून सुरुवातीला येते. म्हणजे २०१६ मी २०१५च्या डोक्यावरच लिहिला. वर फाइलींची यादीही काढून बघितली होती! भराभर नावं सरकली, मी खूश. वर्ष कोण बघतंय?

२०१५चा सीझन मोठा होता, त्यामुळे त्याचं शेपूट टेपेवर अजून असणार. पण डेटा संपल्याची खूण जिथे पडली, तिच्या पुढे ड्राइव्ह वाचत नाही. बाकीच्या टेपांवर एकेकच सीझन होता, म्हणून निभावलं.

सगळं सांगितलं. काका रागावले नाहीत, ते जास्त लागलं. खिशातून मोबाइल काढून त्यांनी २०१५च्या गिऱ्हाइकांना फोन लावायला घेतले. तिसऱ्या घरी पेन ड्राइव्ह निघाला.